एक नंबर, दोन नंबर आणि सांतानची जीभ

या अंकाचे संपादक विद्यार्थी असताना बेळगावच्या कॅम्पातून शाळेला जात आणि जाता-येता मला दुकानाच्या गल्ल्यावर बघत. त्या ओळखीवर त्यांनी मला पत्र धाडलं. "आपण इतकी वर्षं विलायती दारूच्या दुकानात काढलीत. तर महागडी तांबडी वाइन खरोखर तिच्या किमतीची असते, की स्वस्तातली तेवढीच चांगली, हे आमच्या वाचकांना एकदा सांगून टाका." ते वाचून मी पत्र पालथं घातलं आणि दोन दिवस त्याच्याकडं बघितलं नाही.

हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. वकिलांनी विचारला, मामलेदार कचेरीतल्या कारकुनांनी विचारला, हल्ली मी निपाणीत ज्या तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायला आहे तिथले मालकही मला दुपारी पान लावता लावता विचारतात. यांतल्या एकालाही उत्तर नको असतं. ज्यानं महाग घेतली त्याला 'महाग ती महागच' हे ऐकायचं असतं, ज्यानं स्वस्त घेतली त्याला 'सगळी एकच हो' हे. आणि विचारायचं कोणाला, तर मला! मी बोरगावचा जैन. सोळा वर्षं मी तांबडी वाइन विकली आणि तिचा थेंब आजतागायत माझ्या ओठाला लागलेला नाही.

तरी या वेळी मी उत्तर देणार आहे. कारण हे उत्तर ज्याला खरोखर ठाऊक होतं तो माणूस माझ्या शेजारी काम करत होता. तो एकदा चारचौघांत खरं बोलला आणि माझ्यामुळं तो खोटा ठरला. त्याचं नाव सांतान. त्याची हकीकत आधी सांगितल्याशिवाय माझ्या तोंडी ते उत्तर शोभणार नाही.

दुकान एका पारशी शेठचं होतं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, इंग्रजी अक्षर सुबक, तेवढ्यावर अर्ज घेऊन गेलो. शेठनी अर्ज उघडलाही नाही.

"तू जैन हाय?"

"होय."

"पीते नाय?"

"नाही."

"मटन पन खाते नाय?"

"नाही, शेठ."

"तर उद्यापासून ये."

माझ्या आधीच्या तीन कारकुनांनी दुकानातला माल पिऊन संपवला होता, हे मला नंतर कळलं. शेठना अक्षर नको होतं, कोरडा माणूस हवा होता.

घरी मी सांगितलं की औषधाच्या दुकानात लागलो. वडील रोज बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन पूजा केल्याशिवाय पाणी घेत नसत. त्यांना दारूचं दुकान कसं सांगणार? अगदीच खोटं नव्हतं ते, असं मी मनाशी म्हणे, कारण आमची निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टरांचंच नाव घेऊन येत. पण एकदा औषधाचं दुकान म्हटलं की गावाला पोटं असतातच. दुसऱ्याच वर्षी माझे मामा न सांगता मोटारीनं आले आणि दारात उभे राहून वरपासून खालपर्यंत फळ्या बघू लागले.

"व्हय रं नेम्या, एवढ्या बाटल्या! कशाकशावरचं औषध म्हणायचं ह्ये?"

"साहेब लोकांचं आहे, मामा."

"मग लईच आजारी दिसत्यात की रं साहेब लोक."

सांतान मागं बाटल्या पुसत होता. त्यानं मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

"माझं बी पोट चार दिस झालं धरलंय," मामा म्हणाले. "ती तांबडी चालंल काय? रंगानं गुणाची दिसतीया."

"ती जेवणानंतरची, मामा," सांतान गंभीरपणे म्हणाला. "तुमचं पोट रिकामं दिसतं."

मी मागच्या दारानं धावत गेलो, बाजारातून ओव्याचा अर्क आणला, रिकाम्या बाटलीत ओतला आणि मामांच्या हातात दिला. दुर्दैवानं त्यांना गुण आला. पुढं कित्येक वर्षं बोरगावहून येणारा प्रत्येक जण "नेमाण्णाच्या दुकानातलं औषध" मागायचा आणि मी ओव्याचा अर्क भरत बसायचो. काहींना खरं कळलं असणार. कोणी बोललं नाही.

आता धंद्याचं सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की विलायती दारू म्हणजे सगळी बाटलीबंद जहाजातून उतरते. आमच्याकडं तांबडी वाइन पिंपातून येई. एक पिंप फ्रान्सचं, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून. दुसरं पोर्तुगालचं, ते गोव्यात उतरून कॅसलरॉकवरून रेल्वेनं येई. साहेब लोक दोन्हीला क्लॅरेटच म्हणत. आम्ही ती तळघरात बाटल्यांत भरत असू. बाटल्याही नव्या नव्हेत. पलटणीच्या मेसमधून रिकाम्या परत येत, त्याच गरम पाण्यानं धुऊन. बूच मारायचं, वर लाख ओतायची, लेबल लावायचं. फ्रान्सची ती एक नंबर, साडेचार रुपये. गोव्याकडून आलेली ती दोन नंबर, एक रुपया. बाटली तीच, बूच तेच, लाख तीच. रंगही उजेडात धरला तरी मला सारखाच दिसे. वेगळं असे ते लेबल. एक नंबरवर सोनेरी कड आणि एका भव्य वाड्याचं चित्र. तो वाडा फ्रान्समधला नव्हता. छापखान्यातल्या माणसानं तो कलेक्टरच्या बंगल्यावरून काढला होता. दोन नंबरवर नुसती काळी अक्षरं.

पिंपातून वाइन रबरी नळीनं काढतात. ती नळीत चढवायला पहिला झुरका तोंडानं ओढावा लागतो. ते मला जमणारं नव्हतं, म्हणून ते काम सांतानचं. तो गोव्याचा, तेव्हा चाळिशीतला, उंच, केसांना खोबरेल तेल चोपडलेला. झुरका घेतला की तो क्षणभर डोळे मिटी, वाइन गालातून फिरवी आणि बादलीत थुंकून टाकी. मग सांगे, हे पिंप उन्हात उभं राहिलंय, किंवा ह्याला अजून महिनाभर हात लावू नको. तो स्वतः रविवारी चर्चमधून आल्यावर एक पेला घेई. एरवी नाही. लेबलं माझ्याकडं. मैद्याची खळ करायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं आणि एकेक लेबल सुरकुती न पडता बसवायचं. मला त्या सुबकपणाचा अभिमान होता. आज तोच आठवतो आणि लाज वाटते.

गिऱ्हाइकांनी मात्र वैताग आणला होता. गावातले एक वकील बाटली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेत आणि दर वेळी दबक्या आवाजात विचारत, "कर्नलसाहेब घेतात तीच ना?" तीच असली की किंमत न विचारता पैसे टाकत. एका पोरसवदा लेफ्टनंटला कोणीतरी शिकवून ठेवलं होतं की बाटलीवर धूळ जितकी जास्त तितकी वाइन चांगली. तो पुसलेली बाटली परत ढकलायचा. शेवटी शेठनी मला रस्त्यावरची माती आणून ठेवायला सांगितली. बेळगावची तांबडी माती! मी ती फडक्यातून गाळून बाटल्यांवर शिंपडत असे. साहेब बोटानं पुसून बघे, खूश होई आणि सोबत्याला दाखवी. फ्रान्सची धूळही तांबडीच असते, असं तो बहुधा आजही मानत असेल.

एकदा असाच वैतागून मी सांतानला विचारलं, "खरं सांग, दोन्हींत फरक काय आहे?"

त्यानं हातातली नळी खाली ठेवली. "फरक आसा, नेमाण्णा. फ्रान्सची तोंडात गेली की बदलत राहते. आधी एक लागते, मग दुसरी. ही आपली दोन नंबर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, पण सरळ. फरक आसा. पूण साडेतीन रुपयांचो न्हय."

"मग किती रुपयांचा?"

"ते ज्याची त्याची जीभ सांगतली. तुझ्या जिभेला आठ आणेही जास्त." आणि तो हसला.

हेच ते उत्तर. मला ते तिसऱ्याच वर्षी मिळालं होतं.

पाचव्या वर्षी पावसानं कहर केला. सांतान आई आजारी म्हणून महिनाभर गावी गेलेला. तळघराच्या खिडकीखालून पाणी पाझरू लागलं. तिथं एक नंबरच्या बाटल्या असत, जिन्याकडच्या बाजूला दोन नंबरच्या. मी दोन हमाल घेऊन खिडकीकडच्या बाटल्या उचलल्या आणि जिन्याकडच्या खणांत नेल्या. तिथं जागा करायला जिन्याकडच्या बाटल्या खिडकीकडच्या वरच्या, कोरड्या फळीवर ठेवल्या. चार दिवस नुसती उचलाउचल. तोवर दमटपणानं खळ सुटली आणि लेबलं गळून पाण्यावर तरंगू लागली. कलेक्टरचा बंगला जिथं तिथं पोहत होता.

पाणी ओसरल्यावर शंभर-दीडशे बाटल्या बिनलेबलाच्या उरल्या. मी नव्यानं खळ केली आणि बसलो. खिडकीकडची ती एक नंबर, जिन्याकडची ती दोन नंबर. पाच वर्षं हाताला तीच सवय. आपणच बाटल्या इकडच्या तिकडं केल्या आहेत हे त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

पण शंका यायला हवी होती, आणि शंका फेडणं सोपं होतं. दोन्हीकडची एकेक बाटली उघडायची आणि कोणा जाणत्याच्या हातात द्यायची. कॅम्पात जाणत्यांची काय वाण होती? पण तो चातुर्मास होता. दारूच्या दुकानात राबतो याचं पाप हलकं करायला मी स्वतःच एक नेम काढला होता, की चातुर्मासात उघड्या बाटलीला हात लावायचा नाही, वासही घ्यायचा नाही. बंद बाटली चालेल. बंद बाटली म्हणजे नुसती काच, असा माझा हिशेब. त्या नेमाला कोणत्या शास्त्राचा आधार होता, मला माहीत नाही. पण तो मी काटेकोर पाळला. बंद बाटल्यांना मी बंद राहू दिलं आणि वर सुबक लेबलं डकवली.

दसऱ्यानंतर सांतान परतला. पिंपं तपासली, पण लेबल लावलेल्या बाटल्या कोण उघडून बघतो? त्यातल्या तीन डझन एक नंबर मेसच्या मोठ्या खान्याला गेल्या. चार दिवसांनी मेसचा बटलर दुकानात आला तो छाती काढून. "सेठ, कर्नलसाहब बोला, ऐसा वाइन बारा साल में नहीं पिया. और छे डझन दो."

शेठ फुलून गेले. मी हमालांना पेट्या काढायला सांगत होतो, बटलर मोजून घेत होता, तेवढ्यात पेद्रूमास्तर आत आले. मास्तर म्हणजे पलटणीच्या बँडमधले निवृत्त वादक. साठी उलटलेली. कॅम्पातल्या मुलांना व्हायोलिन शिकवत. रोज जेवताना दोन नंबरचा एक पेला, न कमी न जास्त. सांतान आणि ते एकाच चर्चमधले. सोबत त्यांची मुलगी रोझा होती, अठरा-एकोणीस वर्षांची, हातात पिशवी. मास्तरांनी पिशवीतून अर्धी रिकामी बाटली काढून गल्ल्यावर आपटली.

"सांतान, ही काय शाई भरलीस रे? तीस वर्षं मी ही पितो. माझी मला ओळखू येत नाही?"

सांताननं पेल्यात थोडी ओतली. वास घेतला. घोट गालातून फिरवला, बादलीत थुंकला. मग बाटली फिरवून लेबल बघितलं आणि पुन्हा वास घेतला.

"मास्तर, ही तुमची न्हय," तो म्हणाला. "ही एक नंबर."

शेठ उठून पुढं आले. "काय बोलते तू?"

"लेबल चुकलंय, शेठ. ही फ्रान्सची. आणि ही जर इथं असली, तर मेसमध्ये गेली ती गोव्याची."

बटलरचं मोजणं थांबलं. शेठचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. कर्नलनं चार पाहुण्यांसमोर रुपयावाली वाइन वाखाणली ही गोष्ट कॅम्पात फिरली असती, तर कर्नलचं हसं झालं असतं आणि आमच्या दुकानाला कुलूप लागलं असतं. हे मला कळत होतं. आणि त्याच क्षणी मला हमाल आठवले, पाणी आठवलं, खिडकीकडची वरची फळी आठवली.

शेठनी माझ्याकडं बोट केलं. "लेबल कोण लावते? नेमा लावते. नेमा पीते नाय, मटन खाते नाय, खोटं बोलते नाय. बोल डीकरा. सगळ्यांसमोर बोल. लेबलं बरोबर लावली का नाय?"

माझी सगळी व्रतं त्यांनी त्या गल्ल्यावर मांडली.

मी म्हणालो, "बरोबर लावली, शेठ."

सांताननं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपल्याला नीट ऐकू आलं ना, अशा नजरेनं.

शेठनी आवाज उतरवला. "सांतान, मास्तरला सांग, भरताना तुझी चूक झाली, वाइन बिघडली. दुसरी बाटली दे. संपलं."

तेवढं म्हटलं असतं तर त्याची नोकरी राहिली असती. शेठना तेवढंच हवं होतं. सांतान पेला हातात घेऊन उभा होता.

"ही बिघडलेली न्हय, शेठ. चांगल्या वाइनला मी वाईट म्हणणार नाही."

"तर मग तूच कायतरी मिसळलं."

"आपल्याच माणसाला फसवलंस, सांतान?" मास्तर म्हणाले. दुसरी बाटली त्यांनी घेतली नाही. मुलीचा हात धरला आणि पायऱ्या उतरून गेले. रोझानं एकदा वळून बघितलं.

सांताननं पेला धुतला, पालथा घातला, एप्रन सोडून खिळ्याला अडकवला आणि तोही गेला.

मी का बोललो नाही? माझ्या बहिणीला बघायला आठ दिवसांनी चिकोडीची मंडळी येणार होती. मला काढून टाकलं असतं तर का काढलं, कुठून काढलं, हे बोरगावात विचारलं गेलं असतं. औषधाचं दुकान उघडं पडलं असतं. वडिलांना बस्तीत मान वर करता आली नसती. हे सगळं खरं आहे. ते किती वर्षं मी मनाशी घोकलं आहे! पण त्या क्षणी मी बहिणीचा विचार केला नव्हता. तिचा विचार मला घरी गेल्यावर सुचला. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो.

याच्यापुढचं सांगायला जास्त जड जातं. मेसला गेलेल्या सहा डझनही चुकीच्याच होत्या आणि कर्नलसाहेब आणखी खूश झाले. चुकीचा साठा संपला. मग खरी एक नंबर गेली, तेव्हा बटलर पेटी परत घेऊन आला. "साहब बोला, वो पहलेवाला मजा नहीं." शेठनी पेटी ठेवून घेतली. मग मला तळघरात बोलावलं.

"डीकरा, कर्नलला जे आवडते, तेच द्यायचं. दोन नंबर भर. लेबल एक नंबरचं लाव."

"आणि किंमत, शेठ?"

"किंमत कमी केली तर त्याला आवडेल काय?"

म्हणजे सांतान खरा होता हे शेठना कळलं होतं. मला तर आधीपासूनच माहीत होतं. त्याला परत बोलवा, एवढं मी म्हणू शकलो असतो. मी खळ केली. पहिल्यांदा लेबलं चुकून लावली होती. त्यानंतरची अकरा वर्षं मी ती जाणूनबुजून लावली. कर्नल बदलले, नवे आले, मेसची चव म्हणून तीच वाइन चालू राहिली. आणि या सगळ्या काळात लोक गल्ल्यावर येऊन मला विचारत, "काय हो, महागडी खरंच चांगली असते का?" वाटे, बाटली त्यांच्या समोरच फोडावी. पण त्यांच्यावर चिडायचा मला काय हक्क होता? माझा राग मला जिथं काढता येत नव्हता तिथून तो त्यांच्यावर निघे. बहिणीचं लग्न नीट झालं. वडील मानानं गेले. शेठ वारल्यावर दुकान विकलं गेलं आणि मी निपाणीला आलो.

सांताननं खानापुरात पावाची भट्टी घातल्याचं मला केव्हाच कळलं होतं. त्या स्टेशनावरून मी अनेकदा गेलो. उतरलो नाही. संपादकांचं पत्र आलं त्या आठवड्यात उतरलो.

भट्टी बाजाराच्या टोकाला आहे. सांतान दारातच कणीक मळत होता. केस पांढरे, पण तेल तसंच.

"नेमाण्णा? म्हातारा झालास की रे."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाणी, फळ्या, नेम, लेबलं. पुढची अकरा वर्षंही. त्याचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं होतं," तो म्हणाला. "तोंडात होती ना ती माझ्या."

"मला माफ कर, सांतान."

"माफी घेऊन तू निपाणीला जातलो. मी काय करू तिचं?" त्यानं पिठाचा हात रस्त्याकडं केला. "जरा थांब. पाच वाजू दे."

आम्ही थांबलो. पाचच्या सुमाराला शाळा सुटली. चाळिशीची एक बाई छत्री टेकत आली, भट्टीसमोरून सरळ पुढं गेली आणि चौकातल्या दुसऱ्या दुकानातून पाव घेऊन परत त्याच वाटेनं गेली. मान वळवली नाही. मी तिला ओळखलं. मास्तरांची रोझा.

"इथल्या शाळेत मास्तरीण आहे. मराठी शिकवते," सांतान म्हणाला. "मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. मयताला मी गेलतो, कोणी बोललं नाही. ही रोज अशी पुढं जाऊन पाव आणते. तिकडचा पाव कच्चा असतो रे. मला बघवत नाही."

"मी आत्ताच जाऊन तिला सांगतो."

"बस खाली." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "कानात सांगतोस? दुकानात कानात बोललास काय? शेठ होता, बटलर होता, मास्तर होता, ती होती. चौघांसमोर बोललास. आता पण चौघांसमोर बोल."

"शेठ गेले, मास्तर गेले. बटलर कुठं आहे कोण जाणे."

"तर दुसरे चौघे बघ."

मी खिशातलं पत्र काढून त्याला दाखवलं. त्याला मराठी वाचता येत नाही. काय आहे ते मी सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "अजून तेच विचारतात?"

निघताना त्यानं सवयीनं एक गरम पाव उचलला, माझ्यापुढं धरला आणि परत मागं घेतला. "पीठ फुगवायला ह्यात ताडी आसा. तुका चालचो ना." मग आत जाऊन दोन केळी आणून दिली. बावीस वर्षांनीही त्याला माझे नेम आठवत होते. स्टेशनापर्यंत ती केळी माझ्या हातात होती. मला ती खाववली नाहीत.

तर वाचकहो, चौघे म्हणून आता तुम्ही आहात. त्या दिवशी दुकानात सांतान खरं बोलला. पेद्रूमास्तरांच्या बाटलीत कोणी काही मिसळलं नव्हतं. ती चांगली वाइन होती, त्यांची नव्हती एवढंच. लेबलं मी चुकवली आणि विचारल्यावर मी खोटं बोललो.

बोरगावचे मामा आता ऐंशीच्या घरात आहेत, पण अंक ते पहिल्या पानापासून वाचून घेतात. मामा, ते औषधाचं दुकान नव्हतं. तुम्हाला दिलेला अर्क मात्र ओव्याचाच होता. बहिणीच्या सासरीही हा अंक जातो. तिथं काय होईल ते होवो.

आणि संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर सांतानचं आहे, माझं नव्हे. फरक आहे, पण साडेतीन रुपयांचा नाही. कर्नलांनी रुपयावाली मिटक्या मारत घेतली आणि मास्तरांनी साडेचारवाली शाई म्हणून परत केली, यात दोघांपैकी कोणाचीच जीभ खोटी नव्हती. यापुढं कृपा करून हे मला कोणी विचारू नये.

अंक निघाला की त्याची एक प्रत मी टपालानं खानापूरच्या शाळेत पाठवणार आहे, रोझाबाईंच्या नावानं, या पानात खुणेचा कागद घालून. त्यांनी पुढं काय केलं ते सांतान मला कळवणार नाही. म्हणून आठवड्याभरानं मीच जाईन. पाच वाजता भट्टीसमोर उभा राहीन आणि त्या पाव कुठून घेतात ते बघेन.